ठिबकला ८० टक्के अनुदान, पण कशाच्या ८० टक्के?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पंढरपूर तालुक्यात साडेतीन एकर काळं रान आहे. २० फूट व्यासाची विहीर, ५ एचपीची मोटर. एका एकरात साडेतीन फुटी सरीवरचा उसाचा खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेलं पीक) उभा आहे, दुसऱ्या एकरात जुलैमध्ये आडसाली (दीड वर्षाच्या उसाची) लागण करायची आहे. बाकीच्या रानात ज्वारी, मका, कडवळ. मे महिन्यात विहिरीला २४ तासांत साधारण पाच फूट पाझर येतो. दोन्ही एकरांना ठिबक करायचं १,१८,००० रुपयांचं कोटेशन आलंय. डीलर म्हणतो, सरकार ८० टक्के देतं, तुमचे चोवीस हजारच जातील. शिवाय निम्मं पाणी वाचेल, त्यावर आणखी एक एकर ऊस होईल. बँकेत १,९०,००० ची ठेव आहे. जूनमध्ये मुलीच्या कॉलेजची फी ८५,०००, घरखर्च महिना ११,०००, सोसायटीचं पीककर्ज १,१०,०००. कमी पडलं तर पत्नीचं सोनं गहाण ठेवायचा विचार आहे. घ्यावं का?

उत्तर: एका एकराला घ्या, तेही नव्या लागणीच्या एकराला, आणि अनुदानाच्या अर्जाला पूर्वसंमती मिळाल्यावरच. उभ्या खोडव्याला घेऊ नका. सोन्यावर कर्ज काढू नका. तिसऱ्या एकरात ऊस तर अजिबात नको.

आधी ते चोवीस हजार बघू. डीलरने १,१८,००० मधून ८० टक्के वजा केले आणि तुम्हाला आकडा सांगितला. अनुदान तसं मोजत नाहीत. अल्पभूधारकाला ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेतून ५५ टक्के आणि राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून पूरक २५ टक्के मिळतात, मिळून ८०. पण हे टक्के तुमच्या बिलावर नसतात, सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर असतात. मापदंड ठरतो दोन लॅटरलमधल्या, म्हणजे सरीत पसरायच्या ठिबकच्या नळ्यांमधल्या, अंतरावर. पाच फुटी सरीला तो हेक्टरी ९७ हजारांच्या आसपास धरा, म्हणजे एकरी साधारण ३९ हजार. त्याचे ८० टक्के ३१,५००. दोन एकरांचे ६३,०००. बिल १,१८,००० चं झालं तर तुमच्या खिशातून ५५,००० जातील, चोवीस नाही.

आणि तेसुद्धा शेवटी. सुरुवातीला पूर्ण रक्कम तुम्हीच भरायची, संच बसवायचा, बिल महाडीबीटीवर (सरकारच्या अनुदान अर्जांच्या संकेतस्थळावर) चढवायचं, कृषी विभागाची मोका तपासणी (शेतात येऊन पाहणी) व्हायची, मग पैसे आधार जोडलेल्या खात्यावर येतात. ५५ टक्क्यांचा हप्ता आणि पूरक २५ टक्क्यांचा हप्ता एकाच दिवशी येतील असं गृहीत धरू नका. मी असे हिशोब मांडताना पहिला हप्ता सहा महिन्यांनी आणि दुसरा वर्षाने येईल असं धरतो. लवकर आला तर बरंच. ‘आत्ता पैसे नकोत, अनुदान आलं की द्या’ म्हणून कोणी कोरा सही केलेला धनादेश मागितला तर सरळ नाही म्हणा.

आता कोटेशन. तुम्ही पाठवलेल्या फोडीप्रमाणे फिल्टर, व्हेंचुरी (पाण्यात खत मिसळणारा भाग), व्हॉल्व्ह मिळून २४,०००; मेन आणि सबमेन पाइप २२,०००; लॅटरल ५,३०० मीटर, ६१,०००; फिटिंग आणि खोदाई ११,०००. यात दोन गोष्टी खटकतात.

पहिली लॅटरलची लांबी. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. पाच फुटी सरीला भागा, एकरी ८,७१२ फूट येतात, म्हणजे २,६५५ मीटर. दोन एकरांचे ५,३००. गणित बरोबर आहे, पण तुमचा खोडवा साडेतीन फुटी सरीवर आहे. त्या एकराला प्रत्येक सरीत नळी घालायची तर ३,८०० मीटर लागतील. म्हणजे एक तर नंतर वाढीव बिल येणार, नाहीतर काही सऱ्यांना नळीच मिळणार नाही आणि त्या कोरड्या राहणार. खोडव्याला नको म्हणण्याचं हे एक कारण. दुसरं कारण, तो खोडवा अजून एक-दोन वर्षांत मोडायचाच आहे. मोडल्यावर पाच फुटी सरी काढाल तेव्हा नळ्यांची सगळी मांडणी बदलेल. उभ्या पिकात नळी पसरणं आणि दोन वर्षांनी पुन्हा गोळा करून नव्याने पसरणं, ही मजुरी कोणी हिशोबात धरत नाही.

दुसरी खटकणारी गोष्ट जीएसटी. ड्रिपर-लॅटरलवर १२ टक्के लावलेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो दर ५ टक्के झालाय. डीलरकडे जुनं कोटेशन छापून पडलेलं असेल, मुद्दाम केलं असेलच असं नाही, पण नवीन मागून घ्या.

फक्त एका एकराचं कोटेशन मागा. फिल्टर मात्र दोन-तीन एकरांना पुरेल असाच घ्या, तो पुन्हा बदलायला लागू नये. फिल्टर संच २४,०००, पाइप १३,०००, लॅटरल ३०,५००, बाकी ६,०००, असे ७३,५०० होतात. जीएसटीचा फरक काढला की ७०,००० च्या आसपास येईल. चारी स्वतः खोदलीत तर अजून दोन-तीन हजार वाचतील.

ठेवीचं बघा. १,९०,००० मधून फीचे ८५,००० बाजूला. तीन महिन्यांचा घरखर्च ३३,००० बाजूला, याला हात लावायचा नाही. उरले ७२,०००. एक एकर यात जेमतेम बसतो, दोन बसत नाहीत. दुसरा एकर बसवायला सोनं काढावं लागतं, आणि सोनेतारणाचं व्याज पहिल्या महिन्यापासून चढतं. तुमच्या आडसालीचं पहिलं बिल मात्र सतरा-अठरा महिन्यांनी येणार. म्हणून सोनं नको. ठेव मोडायची नसेल तर तिच्यावर कर्ज काढता येतं, व्याज ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतं. अनुदानाच्या ३१,५०० पुरतं तसं कर्ज घ्यायला हरकत नाही, अनुदान आलं की फेडता येतं.

पीककर्जाच्या पैशातून मात्र पाइप आणू नका. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर तुम्हाला शून्य टक्क्यांनी पडतं. मुदत चुकली की ही सवलत जाते. यापेक्षा स्वस्त पैसा तुम्हाला कुठेही मिळणार नाही, तो बिघडवू नका.

आता परतावा. इथे बहुतेक जाहिराती गडबड करतात, कारण त्या वाचलेल्या पाण्याला पैसे लावतात. तुमच्या हिशोबात पाण्याचे पैसे किती? शेतीपंपाचं वीजबिल साडेसात एचपीपर्यंत माफ आहे, म्हणजे मोटर चार तास कमी चालली तरी खिशात एक रुपया येत नाही. पाणी विहिरीचं, त्यालाही मीटर नाही. वाचलेलं पाणी पैशात तेव्हाच उतरतं जेव्हा मे महिन्यात ऊस वाळण्यापासून वाचतो. २०१७ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उसाला टप्प्याटप्प्याने ठिबक सक्तीचं करायचा निर्णय घेतला होता. तरी पाटाखाली मोकाट (सरीत तसंच सोडलेलं) पाणी अजून आहेच. याला लोक शेतकऱ्याचा हट्ट म्हणतात. मला त्यात हट्टापेक्षा हिशोब जास्त दिसतो.

खताचंही तसंच. आडसालीला नत्राची शिफारस हेक्टरी ४०० किलो, एकरी १६०. युरियाच्या ४५ किलोच्या पावणेआठ गोण्या. ठिबकमधून देऊन पाव भाग वाचला तर दोन गोण्या कमी लागतात. गोणी २६६ रुपये ५० पैसे, म्हणजे बचत पाचशे तेहतीस रुपये. खरं महाग खत डीएपी, पण ते ठिबकमधून देता येत नाही, त्याचा गाळ ड्रिपर बुजवतो. सुपर फॉस्फेटही नाही. ही दोन्ही लागणीच्या वेळी सरीत मातीआडच द्यायची. ठिबकमधून युरिया, पांढरा पोटॅश, हवंच असेल तर १२:६१:०० हे पाण्यात विरघळणारं खत. विद्राव्य खतांच्या रंगीत पिशव्यांच्या नादी लागलात तर खताचा खर्च कमी होण्याऐवजी वाढतो. म्हणून खताची बचत मी शून्य धरली आहे.

मग उरतं काय? वजन, आणि थोडी भांगलण (तण काढायची मजुरी). सध्या तुम्हाला एकरी ३८ टन पडतात. आडसालीला ७ टन वाढ धरू, डीलरने सांगितलेली २० टन नाही. खोडव्याला ८ टन, कारण मोकाट पाण्यावर खोडव्याची घसरण जास्त असते. दुसऱ्या खोडव्याला ६. दर टनाला २,७०० धरतो. २०२५-२६ ची एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) ३,५५० आहे हे खरं, पण ती १०.२५ टक्के उताऱ्याची (उसातून निघणाऱ्या साखरेची) आहे, आणि तोडणी-वाहतूक त्यातूनच कापतात.

आडसालीला वाढीव उसाचे १८,९००, भांगलणीत वाचले २,५००. त्यातून दीड वर्षाची देखभाल ५,००० वजा करा. पाच बाय दीड फुटावर रोपं लावायची तर एकरी ५,८०० रोपं लागतात, टिपरीच्या (उसाच्या तुकड्यांच्या) लागणीपेक्षा सहा हजार जास्त जातात, तेही वजा. हातात राहिले १०,४००. पहिल्या खोडव्याला, याच पद्धतीने आणि वर्षाची देखभाल ३,५०० धरून, २०,६००. दुसऱ्याला १५,२००. तीन बिलं मिळून ४६,२००.

अनुदान धरून तुमचा निव्वळ खर्च ३८,५००. म्हणजे तिसऱ्या बिलात, साडेतीन वर्षांत पैसे निघतात. अनुदान नसेल तर ७०,००० तीन बिलांत निघत नाहीत. पुढच्या लागणीच्या खोडव्यापर्यंत थांबावं लागेल, आणि तोवर नळ्या सहा वर्षांच्या जुन्या झालेल्या असतील. म्हणूनच पूर्वसंमतीशिवाय एक मीटर नळीही विकत घेऊ नका. आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. अर्ज आत्ताच भरा. शेतकरी ओळख क्रमांक, सातबारा, आठ अ, पाण्याच्या साधनाची नोंद, वीजबिल हे तयार ठेवा. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे का ते आजच पाहा, बऱ्याच अर्जांचं घोडं तिथेच अडतं. साहित्य आयएसआय मार्कचं आणि डीलर तुमच्या जिल्ह्यासाठी नोंदणीकृत असायला हवा.

जुलैपर्यंत पूर्वसंमती आली नाही तर? लागण करा, पण पाच फुटी सरीवर. नळी दोन महिन्यांनी पसरली तरी चालते. सरी साडेतीन फुटी काढून बसलात तर तीन वर्षं अडकाल.

या हिशोबात एक जमेची बाजू धरलेली नाही. तीनपैकी एका उन्हाळ्यात विहिरीने दगा दिला आणि ठिबकमुळे दहा-बारा टन ऊस वाचला, तर २७ ते ३२ हजार एकदम जमा होतात आणि पैसे दुसऱ्या बिलातच निघतात. तुमच्यासाठी ठिबक घेण्याचं खरं कारण हेच आहे. रात्रीची लाइट असताना दारं धरायला (सरीसरीत पाणी फिरवायला) जावं लागत नाही हेही एक, त्याला रक्कम लावत नाही.

म्हणूनच तिसऱ्या एकराला माझा विरोध. तुमच्या विहिरीचं गणित करू. २० फूट व्यास म्हणजे ३१४ चौरस फूट. एक फूट पाणी म्हणजे ३१४ घनफूट, म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. पाच फूट पाझर, ४४,५०० लिटर रोज. मे महिन्यात वाढीच्या उसाला दिवसाला साधारण ७ मिलिमीटर पाणी लागतं. एकरावर एक मिलिमीटर म्हणजे ४,०४७ लिटर, सात म्हणजे २८,३००. ठिबकच्या एकराचं भागलं. आता खोडवा. मोकाट पाण्याची एक पाळी म्हणजे एकरी तीन लाख लिटर, तुमच्या मोटरचे बारा तास. आठ दिवसांनी पाळी द्यायची तर सरासरी रोज ३७,५००. बेरीज ६५,८०० आणि पाझर ४४,५००. ठिबक बसवूनही तुम्ही रोज एकवीस हजार लिटरने मागे आहात! आज ही तूट दिसत नाही, कारण आठाची पाळी तुम्ही बारा-पंधरा दिवसांवर ढकलता आणि ती उसाच्या कांड्यांत निघते. ठिबक नवं पाणी आणत नाही. वाचलेलं पाणी तुमच्या आधीच्या तुटीत जाणार, नव्या एकरासाठी काही उरणार नाही.

खोडवा तुटला की त्या एकरात पुन्हा खोडवा राखू नका. खरिपात सोयाबीन किंवा उडीद, रब्बीत हरभरा घ्या आणि एप्रिल-मेमध्ये रान मोकळं ठेवा. उसाचा एकर कमी झाल्याने उत्पन्न घटेल असं वाटेल, पण पाणी न मिळालेल्या खोडव्याचं बिल आणि त्यातला खर्च वजा करून बघा.

आता संच बसवताना. काळ्या रानाला १६ मिमी इनलाइन नळी, ४० सेंटिमीटरवर ड्रिपर, ताशी २ लिटरचा. एकरात ६,६४० ड्रिपर होतात, तासाला १३,३०० लिटर सोडतात. मे महिन्यातलं २८,३०० लिटर सव्वादोन तासांच्या आत होतं. पण तुमची ५ एचपी मोटर तासाला २५,००० च्या आसपास पाणी फेकते. जास्तीचं पाणी विहिरीत परत सोडणारा बायपास व्हॉल्व्ह कोटेशनमध्ये आहे का पाहा, मला दिसला नाही. नसेल तर प्रेशर चढतं, जॉइंट सुटतात आणि मग कंपनीच्या नावाने ओरड होते. फिल्टरच्या आधी आणि नंतर प्रेशर गेज हवेत. दोन्हीत अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक पडला की फिल्टर उलट पाण्याने धुवायचा. उघड्या विहिरीत शेवाळ असतं, म्हणून वाळूचा फिल्टर आणि त्यापुढे डिस्क किंवा जाळीचा. नुसत्या जाळीवर भागवायला सांगितलं तर ऐकू नका.

ठिबक बंद पडतं ते बहुतेक वेळा देखभाल न झाल्याने. ऊस पाच-सहा महिन्यांचा झाला की आत शिरता येत नाही, कोणती नळी बुजली ते कळत नाही, आणि कळतं तेव्हा ती सरी पिवळी पडलेली असते. म्हणून पाला दाटायच्या आधी सगळी तपासणी. औषधाच्या मापाच्या बाटलीत ड्रिपरखाली तीन मिनिटं पाणी धरा, १०० मिलिलिटर यायला हवं. नळीच्या सुरुवातीला, मध्यावर, टोकाला मोजा. टोकाला ९० च्या खाली गेलं तर काम काढा. दर पंधरा दिवसांनी नळ्यांची टोकं उघडून, एका वेळी सहा-आठच, स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडायची. सबमेनचा फ्लश व्हॉल्व्हही.

घरातल्या भांड्यावर पांढरा थर बसत असेल तर तुमचं पाणी जड आहे, ड्रिपरमध्येही तोच थर बसणार. त्याला आम्ल प्रक्रिया. दहा लिटर विहिरीच्या पाण्यात थोडं थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घालत पीएच पट्टीवर ४ येईपर्यंत किती मिलि लागलं ते लिहून ठेवा, त्याच प्रमाणात व्हेंचुरीतून सोडा. २४ तास नळ्यांत राहू द्या, मग टोकं उघडून धुवा. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. शेवाळासाठी क्लोरीन वापराल तेव्हा दोन्ही एका दिवशी करू नका, विषारी वायू तयार होतो. युरिया देताना पहिला अर्धा तास नुसतं पाणी, मग खत, शेवटचा अर्धा तास पुन्हा नुसतं पाणी. खत नळीत साचून राहिलं की शेवाळाचं फावतं.

शेवटचं आणि सगळ्यात महाग: तोडणी. ऊसतोड टोळी यायच्या दोन-तीन दिवस आधी नळ्या गुंडाळून बाहेर काढायच्या. न काढल्यास कोयत्याने तुटतात, ट्रॉलीखाली चिरडतात, आणि कोणी पाचट पेटवलं तर ३०,५०० रुपयांची नळी अर्ध्या तासात जाते. मी धरलेल्या वार्षिक ३,५०० मध्ये ही गुंडाळणी, आम्ल, जोडण्या आणि उंदरांनी कुरतडलेल्या तुकड्यांचा खर्च आहे. पाचट जाळायचंच नाही असं मुकादमाला पैसे ठरवतानाच सांगा.

अनुदानाचे ३१,५०० आले की ठेवीवर कर्ज घेतलं असेल तर आधी ते फेडा, नाहीतर सरळ ठेवीत परत टाका. दुसऱ्या एकराचा विषय पहिल्या आडसालीचं बिल हातात आल्यावर, ट्रॉलीच्या वजनपावत्या आणि दोन उन्हाळ्यांत विहिरीचा लिहून ठेवलेला पाझर समोर घेऊन काढू.